बाकावरचं मूल

मुलाला कोणत्या फुटबॉल संघात घालावं, हा प्रश्न आमच्या लहानपणी कुणाच्या आईवडिलांना पडल्याचं मला आठवत नाही. संघ निवडायचा नसायचाच, तो जन्माबरोबर मिळायचा. कोल्हापुरात ज्या पेठेत जन्मलात, त्या पेठेच्या तालमीचे तुम्ही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावं आधी तालमींची आणि मग फुटबॉल संघांची. पेठेची इभ्रत लाल मातीवरून शाहू स्टेडियमच्या मैदानावर आली, एवढाच फरक. गोव्यात तोच मान गावाचा आणि वाड्याचा. विल्यम रॉबर्ट लायन्स नावाच्या एका पाद्र्यानं १८८३ साली शिवोलीत हा खेळ मुलांना शिकवला असं सांगतात. पुढे तो गोव्यात इतका रुजला की आज तो राज्याचा अधिकृत खेळ आहे. भातं कापून झाली की त्याच मोकळ्या शेतात मुलं चेंडू घेऊन उतरायची, आणि आजही उतरतात. आमच्या बेळगावात गल्ली हाच संघ. माझा थोरला भाऊ अनवाणी खेळायचा, आणि 'तुझा संघ कोणता' असं कुणी विचारलं तर गल्लीचं नाव सांगायचा.

आता तसं राहिलेलं नाही. आता निवड आहे. ट्रायल आहे, फी आहे, रंगीत जाहिरातपत्रक आहे, प्रशिक्षकाचं लायसन्स आहे. निवड आली याचं मला वाईट वाटत नाही. गल्लीच्या संघात मुलींना जागा नव्हती, अंगानं किरकोळ पोरांना तर चेंडू आणून देण्यापुरतीच जागा होती. जुनं ते सगळं सोनं, असं म्हणायला मी तयार नाही. पण निवडीबरोबर एक जबाबदारी येते. गल्ली नशिबानं मिळायची, तिचा दोष नशिबावर ढकलता यायचा. निवडलेल्या संघाचा दोष मात्र निवडणाऱ्याचा.

माझी लेक फोंड्याला असते. नातू सात वर्षांचा आहे. यंदा त्याच्यासाठी दोन जागा पुढं आल्या. एक पणजीच्या बाजूची नावाजलेली अकादमी. तिथं ट्रायल झाली आणि पोरगं निवडलं गेलं. दुसरी घराजवळच्या देवळामागच्या मैदानावरची. तिथं एक निवृत्त गृहस्थ नाममात्र फी घेऊन तीसेक पोरापोरींना खेळवतात. लेकीचा फोन आला, "आई, तू ये आणि दोन्हीकडे बघून सांग." तिला वाटलं, आईला फुटबॉलमधलं काही कळत नाही, म्हणून ती सरळ बघेल.

निघताना आमच्या सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला, "बॉल चामड्याचा असतो की गं?" त्या पंच्याऐंशीच्या आहेत आणि जैन घरातला पहिला प्रश्न तोच असणार. भावाचा बॉल खरंच चामड्याचा होता, आत रबरी फुगा आणि वरून बूटासारखी दोरी. तो घराबाहेर, तुळईवर असायचा. मी त्यांना सांगितलं, आताचे बॉल बहुतेक कृत्रिम कातड्याचे, जालंधरकडं शिवलेले असतात. "मग खेळू दे," म्हणाल्या. त्यांचा प्रश्न तिथं संपला. माझा सुरू झाला.

जावयांचं म्हणणं आधी मांडते, कारण ते चुकीचं नाही. ते म्हणाले, "आई, चांगल्यात राहिलं तरच मूल चांगलं होतं. सगळेच ढिले असतील तर याला जोर लावायची गरजच पडणार नाही. शाळेला आपण चांगलीच शाळा बघतो ना? मग इथं का नको?" पुढं म्हणाले, "आपल्या कोल्हापूरचाच अनिकेत जाधव बघा. २०१७ ला भारताकडून सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात खेळला. गल्लीतच राहिला असता तर?" याला माझ्याकडे झटकन उत्तर नव्हतं. गुणी मुलाला गुण वाढवायला जागा मिळायला हवी, हे मलाही पटतं. ती नाकारणं हासुद्धा अन्यायच.

तर मी बघायला गेले. अकादमीचा सामना रविवारी सकाळी होता. मैदान हिरवंगार, जाळ्या नव्या, मुलांच्या पाठीवर नंबर. एवढी लहान मुलं अकरा-अकरा खेळत नाहीत, पाच-पाच किंवा सात-सात खेळतात, म्हणजे प्रत्येकाच्या पायाला चेंडू जास्त वेळा लागतो. बॉलही लहान, तीन नंबरचा. हे सगळं नीट होतं. प्रशिक्षक तरुण होते, आवाज न चढवता बोलत होते. मला आवडले.

पाच मुलं मैदानात होती, चार बाहेर बाकावर. त्यातली तीन आलटूनपालटून आत गेली. चौथं गेलं नाही. सामना अटीतटीचा होता, दोनास एक, आणि प्रशिक्षक धोका पत्करायला तयार नसावेत. त्या मुलानं चार वेळा मोजे वर ओढले. एकदा उठून उभा राहिला, नजर सरांकडं, आणि परत बसला. सामना जिंकला तेव्हा सगळी पोरं उड्या मारत एकमेकांच्या अंगावर पडली. हाही उठला आणि उडी मारली, पण क्षणभर उशिरा. मग त्याच्या आईनं पाण्याची बाटली पुढं केली. तो म्हणाला, "मला तहानच लागली नाही."

त्या वाक्यापाशी माझा विचार अडकला.

त्या मुलाचं काय गेलं? पैसे आईवडिलांनी भरलेत, कपडे मिळालेत, कुणी त्याला रागावलं नाही. गेला तो त्याचा रविवार. आणि तो कुठं गेला? तो त्या दोनास एकमध्ये गेला. संघ जिंकला तो काही अंशी त्या मुलाला न खेळवल्यामुळं जिंकला. त्याचा वेळ विजयाच्या किमतीत जमा झाला.

आमच्याकडे गृहस्थाच्या व्रतांत अचौर्य आहे. त्यात चोरीचा अर्थ कुलूप फोडण्यापुरता नाही. समोरच्यानं जे दिलं नाही ते घेणं म्हणजे चोरी, अदत्तादान. लहानपणी पाठशाळेत हे घोकताना मला नेहमी कुणाच्या झाडाचा पेरू आठवायचा. वेळसुद्धा 'अदत्त' असू शकतो, हे त्या मैदानावर लक्षात आलं. मोठ्या माणसांच्या संघात राखीव खेळाडू असतो, तो बाकावर बसतो, पण त्यानं ते मान्य केलेलं असतं. त्याला करार ठाऊक असतो, पगार मिळतो, नको असेल तर दुसरीकडं जायची मोकळीक असते. त्यानं आपला वेळ दिलेला असतो. सात वर्षांच्या मुलानं काय दिलं? त्याला 'खेळायला चल' म्हणून आणलं होतं.

कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीला चोरी म्हणणं फार झालं. शब्द जड असेल तर सोडू या. हिशेब तोच राहतो. आणि नियमाची अडचण आहे म्हणावं, तर तीही नाही. मोठ्यांच्या सामन्यात बाहेर काढलेला खेळाडू परत आत येऊ शकत नाही. लहानांच्या सामन्यांत सहसा कितीही वेळा आतबाहेर करता येतं. म्हणजे त्या चौथ्या मुलाला पाच मिनिटं आत सोडायला कुठला कायदा आडवा येत नव्हता. फक्त तक्त्यातले गुण येत होते.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती समजल्यावर मला 'गुण' या शब्दाचीच थोडी भीती वाटायला लागली. वयोगट साधारणपणे १ जानेवारीपासून मोजतात. एकाच गटात जानेवारीत जन्मलेलं मूल असतं आणि डिसेंबरमध्ये जन्मलेलंही. सातव्या वर्षी अकरा महिने म्हणजे आयुष्याचा जवळजवळ सातवा हिस्सा. तेवढी उंची, तेवढा दम, तेवढी समज. कॅनडातल्या आइस हॉकीत १९८० च्या दशकात अभ्यासकांच्या ध्यानात आलं की वरच्या पातळीवरच्या खेळाडूंत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेले भरमसाट आहेत. युरोपातल्या फुटबॉलमध्येही पुढं तेच दिसलं. लहानपणी थोराड दिसणाऱ्याला 'गुणी' म्हणून उचललं, त्याला जास्त खेळवलं, जास्त शिकवलं, आणि मग तो खरंच गुणी झाला. डिसेंबरचं पोरगं बाकावर बसलं ते बसलंच. आपण ज्याला निवड म्हणतो, ती कितीदा नुसती कॅलेंडरची निवड असते! माझा नातू फेब्रुवारीतला आहे. तो ट्रायलमध्ये निवडला गेला याचा मला आनंद झाला होता. आता त्या आनंदातून थोडा फेब्रुवारी वजा करावा लागतो. आणि तो चौथा मुलगा कदाचित नोव्हेंबरचा असेल.

मग मुलांना हरूच द्यायचं नाही का? सगळ्यांना एकेक पदक देऊन घरी पाठवायचं? जावयांनी हे विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. माझं म्हणणं तसं नाही. हरणं आणि न खेळवलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हरलेलं मूल स्वतः हरतं. पाय घसरला, चेंडू सुटला, समोरचा जास्त पळाला, हे सगळं त्याचं असतं. रडेल, पण उद्या त्यावर काहीतरी करेल. बाकावरच्या मुलाजवळ करण्यासारखं काहीच नसतं. त्याला एकच धडा मिळतो, तो म्हणजे माझ्यावाचून बरं चालतं. हरणं शिकवावंच. हा धडा मात्र सातव्या वर्षी कुणी शिकवू नये.

आणि गुणी मुलाचं काय? याचं उत्तर मला देवळामागच्या मैदानावर मिळालं, तेही न विचारता. तिथं गवत अर्धंच होतं, गोलाच्या खांबांऐवजी दोन दगड. पोरं कमीजास्त वयाची, मुलीही होत्या. एक मुलगा सगळ्यांना चकवत तीन गोल करून बसला. सरांनी त्याला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "आता फक्त डावा पाय." झालं! पोरगं एकदम नवशिकं झालं. अडखळलं, हसलं, चिडलं, आणि पुढची वीस मिनिटं त्यानं जो जोर लावला तो आधी लावला नव्हता. बाकीच्यांनाही चेंडू मिळायला लागला. कुणाचं काही काढून न घेता जोर लावायला लावणं, हे त्या एका वाक्यात होतं. चांगल्या मुलाला कठीण खेळ हवा हे खरं, पण तो कठीणपणा दुसऱ्या मुलाला बाहेर बसवूनच तयार करावा लागतो असं नाही.

जावई म्हणाले, "हे लहान मैदानावर ठीक. देश म्हणून असं कुठं चालतं?" चालतं. नॉर्वेच्या क्रीडा महासंघानं मुलांच्या खेळाचे नियमच करून ठेवलेत. अकराव्या वर्षाच्या आत गुणतक्ते नाहीत, क्रमवारी नाही. तेराव्या वर्षाच्या आत राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धा नाहीत. त्या देशाची लोकसंख्या साधारण पंचावन्न लाख. आपल्या कित्येक जिल्ह्यांपेक्षा ती फारशी जास्त नाही. तरी २०२२ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये १६ सुवर्णपदकं घेऊन तो पहिला आला. नातवाच्या दप्तरावर ज्याचं चित्र आहे तो हालान्डही त्याच देशाचा, तिथल्या एका लहान गावच्या क्लबात वाढलेला. एवढ्यावरून तक्ते काढले की पदकं येतात असं मी म्हणणार नाही, बर्फ आणि पैसा या गोष्टीही त्यांच्याकडे आहेत. पण तक्ते नसले की मुलं वाया जातात, हे तरी खोटं ठरतं.

त्यामुळं कुणी मला विचारलं तर मी आता अगदी साध्या गोष्टी सांगते. संघानं किती ढाली जिंकल्या हे विचारू नका. एका सामन्याला न कळवता जाऊन उभे राहा आणि शेवटची दहा मिनिटं बघा, गुण बरोबरीत असताना. त्या वेळी सर कुणाला बाहेर काढतात आणि कुणाला आत सोडतात, यात त्या संघाचा सगळा धर्म दिसतो. सगळ्यात कच्च्या मुलाचं नाव सरांना येतं का, ते बघा. लहानांना डोक्यानं चेंडू मारायचा सराव देतात का, ते विचारा. अमेरिकेत दहा वर्षांच्या आतल्या मुलांना तो मना आहे, इंग्लंडमध्ये प्राथमिक वयात सरावात तो करवत नाहीत. मेंदूच्या काळजीपोटी हे आहे. काठावर उभे राहून पालक काय ओरडतात ते ऐका, कारण तेही तुमच्या मुलाच्या कानात जाणार आहे. घरापासून किती लांब, परत यायला किती वाजतील, हेही बघा. आमच्या लेकीकडे मुलांना सूर्यास्ताच्या आत जेवू घालतात. गोव्यात डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि अकादमीचा सराव सातला संपायचा. प्रत्येक घराची अशी काहीतरी रेघ असते, कुणाची जेवणाची, कुणाची अभ्यासाची, कुणाची आजोबांबरोबर फिरायला जायची. संघ ती रेघ मानतो का, हे विचारायला संकोच करू नये.

आणि एक प्रश्न स्वतःला विचारावा. ही निवड नेमकी कुणासाठी चालली आहे? परिग्रह म्हटलं की आपण सोनं, जमीन, साड्या मोजतो. मूल मोजत नाही. पण त्याच्या पाठीवरचा नंबर, अकादमीचं नाव, 'आमचा तिथं सिलेक्ट झाला' हे लग्नकार्यात सांगायचं वाक्य, यात आपला जीव केवढा अडकलेला असतो! ते सोडा असं सांगणं सोपं आहे. मला स्वतःला ते वाक्य सांगायला आवडलं असतं. निदान तो आनंद आपला आहे, मुलाचा नाही, एवढं वेगळं काढून ठेवता आलं तरी पुष्कळ.

राहिली माझ्या मनातली अडचण, तीही लपवत नाही. आमचा नातू बाकावर बसणाऱ्यांतला नव्हता, खेळणाऱ्यांतला होता. मग त्या चौथ्या मुलाची काळजी आम्ही का करावी? आम्ही गेलो नाही म्हणून त्याला जागा मिळणार होती का? नाही. आमची जागा दुसऱ्या फेब्रुवारीच्या पोरानं घेतली असेल. जगात काही बदललं नाही. लेकीनं हेच विचारलं. मी तिला म्हटलं, बाकावरचं मूल काय शिकतं ते आपण बोललो. पण आत खेळणारं मूल काय शिकतं? दर रविवारी तो बघणार की एक मित्र बाहेर बसलाय आणि आपण जिंकतोय, आणि यात कुणाला काही वावगं वाटत नाही. वर्षभरात तोही तिकडं बघायचं सोडेल. मला भीती त्याची वाटते. पायात गुण उशिरा आले तरी चालतात. बाहेर कोण बसलंय हे दिसणारी नजर एकदा गेली, की ती कुठल्या अकादमीत परत शिकवत नाहीत.

आम्ही देवळामागचं मैदान निवडलं. जावयांनी एक अट घातली आणि मला ती मान्य आहे. मुलगा बारा वर्षांचा झाला की त्याला स्वतःला विचारायचं. तेव्हा तो म्हणाला, 'मला अवघड संघात जायचंय, बाकावर बसावं लागलं तरी चालेल,' तर त्याला पाठवायचं, मग कुणी आडवं यायचं नाही. त्या वेळी तो आपला वेळ आपणहून देत असेल. जावयांचंच बरोबर ठरेल आणि पाच वर्षं उशीर झाला असं दिसेल, हेही शक्य आहे. तेवढी किंमत मोजायची आमची तयारी आहे. ती आमच्या मुलाच्या वाट्यातून जाईल, दुसऱ्याच्या नाही.

सध्या तो डाव्या पायानं मारायला शिकतोय. चेंडू रोज शेजारच्या नारळीच्या आळ्यात जातो. घरी येतो तेव्हा तहानेनं जीव नुसता कासावीस झालेला असतो.